रुग्णाचे चार गुण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



घरातील कर्ता पुरुष आजारी पडून रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा अवघ्या तासाभरात त्याच्या आयुष्यात मोठा पालट घडून येतो. ज्याच्या शब्दावर पेढीवरील व्यवहार ठरत होते, ज्याला विचारल्याशिवाय घरातील कार्याची तिथी निश्चित होत नव्हती, त्याच्या अंगावरील कपडे उतरतात आणि रुग्णालयाचा सैल झगा चढतो. मनगटावरील घड्याळ मुलाच्या खिशात जाते आणि त्याच मनगटावर नावाची पट्टी बांधली जाते. कधी जेवावे, कधी झोपावे, कोणाला भेटावे, हे दुसरेच कोणी ठरवू लागते. आतापर्यंत ज्याला सारे गाव 'शेठ' म्हणत होते, तो आता 'बारा नंबरचा पेशंट' होतो. घराची सारी सूत्रे ज्या माउलीच्या हाती होती, तिलाही पाणी पिण्यासाठी सिस्टरांची परवानगी विचारावी लागते.

अशा वेळी प्रत्येक माणूस आपापल्या स्वभावानुसार वागतो. कोणी एकदम गप्प होतो. कोणी क्षुल्लक कारणावरून वॉर्डातील मावशींवर चिडतो. कोणी एकच प्रश्न पाच जणांना विचारतो आणि पाच उत्तरे जुळवून पाहत बसतो. कोणी वरकरणी हसत राहतो. परंतु रात्री दिवे मालवल्यावर त्याचे डोळे उघडेच असतात. आजारावर औषधे दिली जातात, शस्त्रक्रिया केल्या जातात. परंतु रुग्णाच्या या वागण्याचाही त्याच्या बरे होण्याशी निकटचा संबंध असतो, याची जाणीव समाजात अद्याप पुरेशी झालेली नाही. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

चिकित्सेचे चार पाय

भारतीय वैद्यकाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा परिचारक, आणि चौथा पाद स्वतः रोगी. चौरंगाचा एक पाय आखूड असला, तर बाकीचे तीन कितीही भक्कम असून उपयोग होत नाही, तोच न्याय येथे लागू पडतो. चरकांनी प्रत्येक पादाचे चार-चार गुण सांगितले आहेत. वैद्याकडून विद्या, अनुभव, दक्षता आणि शुचिता यांची अपेक्षा केली आहे. परिचारकाकडून शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी माया आणि शुचिता मागितली आहे. विशेष म्हणजे रोग्यालाही त्यांनी सोडलेले नाही. त्याच्या ठिकाणी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे चार गुण असावेत, असे त्यांनी म्हटले आहे. म्हणजे रुग्णाला नीट आठवत असावे, त्याने सांगितलेले पाळावे, त्याने भिऊ नये आणि आपली अवस्था त्याला नीट सांगता यावी.

आधुनिक काळात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये आजारी माणसाच्या सामाजिक भूमिकेची मांडणी केली. समाज आजारी माणसाला दोन सवलती देतो, असे त्यांचे म्हणणे होते. नेहमीच्या कर्तव्यांतून त्याला सूट मिळते आणि आजारपणाचा दोष त्याच्या माथी मारला जात नाही. त्या बदल्यात त्याच्यावर दोन बंधने येतात. बरे होण्याची इच्छा त्याने धरली पाहिजे आणि जाणकाराकडे जाऊन त्याच्याशी सहकार्य केले पाहिजे. ही मांडणी उपयुक्त आहे. तथापि तिच्यात रुग्णाकडून मुख्यतः सहकार्याचीच अपेक्षा आहे. चरकांच्या यादीत सहकार्य हा चार गुणांपैकी केवळ एक गुण आहे. उरलेल्या तिहींचा विसर पडला, की काय घडते, हे आता क्रमाने पाहावयाचे आहे.

निर्देशकारित्व : आज्ञाधारकपणाचे मोल आणि मर्यादा

सांगितलेले पाळणे हा गुण निःसंशय आवश्यक आहे. एक साधे उदाहरण पाहू. भूल देण्यापूर्वी सहा तास अन्न घेऊ नये आणि दोन तास पाणीही पिऊ नये, असे साधारणतः सांगितले जाते. भुलेच्या अमलाखाली पोटातील अन्न उलटून श्वासमार्गात गेले, तर जीवावर बेतू शकते, हे त्यामागील कारण होय. दुधाचा चहा हा या हिशेबात अन्नच समजला जातो. परंतु पहाटे घरचे कोणीतरी मायेपोटी म्हणते, "अर्धा कपच तर आहे, घ्या, त्याने काय होते!" रुग्ण तो घेतो आणि भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर संकोचाने 'काही घेतले नाही' असे सांगून टाकतो. खरे सांगितले असते, तर फार तर शस्त्रक्रिया काही तास पुढे गेली असती. न सांगितल्याने पणाला काय लागले, याची जाणीव ना चहा देणाऱ्याला असते, ना पिणाऱ्याला.

मात्र आज्ञाधारकपणाची दुसरीही बाजू आहे. ज्युडिथ लॉर्बर या समाजशास्त्रज्ञ विदुषींनी अमेरिकेतील एका रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांचा अभ्यास करून १९७५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डॉक्टर आणि परिचारिका कोणाला 'चांगला रुग्ण' म्हणतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे मिळाले, की जो तक्रार करीत नाही, जो कमी वेळ घेतो, ज्याच्यामुळे नित्यक्रमात अडथळा येत नाही, तो चांगला. गंभीर आजारी माणसाने कण्हणे, वारंवार बोलावणे समजून घेतले जाते. परंतु ज्याचा आजार तेवढा गंभीर नाही असे सर्वांना वाटते आणि तरीही जो तक्रारी करतो, त्याच्यावर 'त्रासदायक' असा शिक्का बसतो. असा शिक्का बसलेल्या काही रुग्णांना लवकर घरी पाठविण्याकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडण्याकडे कल दिसून आला.

पुढे १९७९ मध्ये शेली टेलर या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी या दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या अंतरंगात डोकावून पाहिले. त्यांचे प्रतिपादन असे, की ज्याला 'वाईट रुग्ण' म्हटले जाते, तो पुष्कळदा हिरावलेले स्वातंत्र्य परत मिळविण्यासाठी धडपडत असतो. ज्याला 'चांगला रुग्ण' म्हटले जाते, तो शांत असतोच असे नाही. कित्येकदा तो हताश झालेला असतो. आपल्या बोलण्याने काही फरक पडणार नाही, अशी त्याची धारणा झालेली असते आणि म्हणून तो नवीन लक्षणही सांगत नाही.

या निष्कर्षाचे गांभीर्य एका कल्पित प्रसंगावरून ध्यानात येईल. समजा, पोटाची शस्त्रक्रिया झालेले एक वयस्क गृहस्थ आहेत. चौथ्या दिवशी सकाळी त्यांची एक पोटरी दुखू लागते, थोडी सुजल्यासारखी वाटते. डॉक्टर राउंडला येतात, जखम पाहतात, "कसे आहे काका?" असे विचारतात. काकांच्या मनात येते, पोटाचे डॉक्टर आहेत, त्यांना पायाचे काय सांगावे? शिवाय ते घाईत आहेत. म्हणून ते "छान आहे" एवढेच म्हणतात. डॉक्टर पुढील खाटेकडे वळतात. वस्तुतः शस्त्रक्रियेनंतर पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीतील वेदना ही खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते आणि त्या गुठळीचा तुकडा फुप्फुसात जाऊन अडकला, तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. वेळीच कळले, तर त्यावर औषध आहे. त्या 'छान आहे' मध्ये विनय होता, सौजन्य होते, दुसऱ्याचा वेळ न घेण्याची सद्भावनाही होती. नव्हता तो केवळ चरकांचा चौथा गुण.

ज्ञापकत्व : सांगण्याची कला आणि सांगण्याचे धैर्य

आपली अवस्था सांगता येणे हा तो चौथा गुण होय. त्यात अडथळे दोन्ही बाजूंनी येतात. बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये डॉक्टर आणि रुग्ण यांच्या ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रुग्णाने आपले गाऱ्हाणे सांगण्यास सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याचे बोलणे तोडले होते, आणि सुमारे एक चतुर्थांशहूनही कमी भेटींत रुग्णाला आपले पहिले निवेदन पुरे करता आले होते. ज्या देशात डॉक्टरांवर रुग्णांचा भार तुलनेने कमी, तेथील ही गोष्ट. आपल्याकडील गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागाविषयी वेगळे सांगावयास नको. तेव्हा ऐकून घेणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहेच. परंतु वेळ थोडा आहे हे ओळखून मुख्य त्रास प्रथम सांगणे, तो कधीपासून आहे हे सांगणे आणि 'आणखी एक सांगायचे राहिले' हे दारातून वळताना न म्हणता आधीच म्हणणे, एवढे रुग्णाच्याही हाती असते.

याहून मोठा अडथळा लपविण्याचा. तंबाखूची सवय लपविली जाते. दुसऱ्या वैद्यांची पुडी चालू असल्याचे लपविले जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगावयाचे राहून जाते. आणि ज्या समाजासमोर हे विवेचन चालले आहे, त्या समाजात आणखी एक गोष्ट लपविली जाते, ती म्हणजे व्रत.

पर्युषण असो वा दशलक्षण पर्व, चातुर्मासात कितीतरी घरांतून उपवास, एकाशन, आयंबिल यांचा क्रम चालू असतो. कोणी अठ्ठाई करतात. वर्षभर चौविहार पाळणारे, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणारे ज्येष्ठ तर पुष्कळ आहेत. हा श्रद्धेचा विषय आहे आणि तो आदराचाच आहे. अडचण व्रतात नाही, ती मौनात आहे. डॉक्टर तीन वेळा घ्यावयाचे औषध लिहून देतात. चौविहार पाळणारे आजोबा कागद मुकाट्याने घेतात आणि रात्रीची मात्रा सोडून देतात. आठवड्याने तपासताना डॉक्टरांना औषध पुरेसे लागू पडलेले दिसत नाही. ते मात्रा वाढवितात किंवा अधिक तीव्र औषध सुरू करतात. एका न बोललेल्या वाक्याने सारा उपचार चुकीच्या वाटेला लागतो. मधुमेही माणसाने इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या नेहमीच्याच मात्रेत घेऊन उपवास केला, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली उतरून शुद्ध हरपू शकते. मूत्रपिंडाच्या विकारात पाणी न घेण्याचे परिणाम वेगळे. दीर्घ उपवासानंतरच्या पारण्यात एकदम भरपूर आहार घेतला, तर रक्तातील क्षारांचे प्रमाण कोसळू शकते.

हेच आधी सांगितले, तर पुष्कळदा मार्ग निघतो. दिवसातून एकदाच किंवा दोनदा घ्यावयाचे पर्यायी औषध अनेक विकारांत उपलब्ध असते. वेळा सूर्योदय-सूर्यास्ताशी जुळविता येतात. इन्सुलिनची मात्रा बदलता येते. जेथे मार्ग निघत नाही, तेथे डॉक्टर तसे स्पष्ट सांगू शकतात आणि मग रुग्ण, त्याचे कुटुंब आणि ज्यांच्यावर त्यांची श्रद्धा आहे ते साधु-साध्वी मिळून जाणतेपणाने निर्णय घेऊ शकतात. अजाणता घडलेल्या हानीपेक्षा जाणून घेतलेला निर्णय केव्हाही श्रेयस्कर.

औषधांच्या उगमाविषयीही असेच आहे. अनेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन सामान्यतः डुकराच्या आतड्यातील अस्तरापासून काढतात. काही ठिकाणी वनस्पतिजन्य कवच किंवा कृत्रिमरीत्या तयार केलेले पर्यायी औषध मिळते, काही ठिकाणी मिळत नाही. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. नवव्या शतकातील जैन आचार्य उग्रादित्य यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचून मांसाचा आश्रय न घेता चिकित्सा करण्याचा पुरस्कार केला. तो ग्रंथ १९४० मध्ये सोलापुरातून प्रसिद्ध झाला, हे महाराष्ट्रातील समाजाला भूषणावह आहे. ज्या परंपरेने हा प्रश्न उघडपणे ग्रंथातून मांडला, त्या परंपरेतील रुग्णाने तो डॉक्टरांसमोर मांडू नये, गोळी हळूच उशीखाली सरकवावी, हे सुसंगत नव्हे.

स्मृती : आठवणे आणि आठवण ठेवणे

स्मृती या गुणाचे दोन भाग आहेत. पूर्वी काय झाले ते आठवणे आणि आता काय सांगितले ते लक्षात ठेवणे. पहिल्या भागासाठी फारसे कष्ट नाहीत. जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची नावे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे त्याची नोंद, हे सर्व एका पिशवीत एकत्र असले, म्हणजे झाले. "ती पांढरी छोटी गोळी" एवढ्या वर्णनावरून कोणत्याही डॉक्टरला काही कळत नाही. पांढऱ्या छोट्या गोळ्या शेकड्यांनी आहेत.

दुसरा भाग अधिक कठीण. रुग्णांच्या स्मरणाविषयीच्या अभ्यासांचा २००३ मध्ये घेतलेला एक आढावा असे सांगतो, की डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेचच विसरतात आणि जो भाग आठवतो, त्यातील जवळजवळ निम्मा चुकीचा आठवतो. भीतीने ग्रासलेले मन एखादा शब्द पकडून बसते. 'गाठ' हा शब्द कानी पडला, की पुढील 'साधी आहे' हे शब्द ऐकूच येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घकालीन आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार सांगितल्याप्रमाणे पाळतात. त्यातील सर्वच जण हट्टी असतात असे मानणे अन्यायाचे होईल. अनेकांना ते नीट कळलेलेच नसते.

यावर उपाय साधा आहे. डॉक्टरांकडे जाताना बरोबर एक शांत माणूस असावा आणि त्याने लिहून घ्यावे. निघण्यापूर्वी रुग्णाने ऐकलेले आपल्या शब्दांत पुन्हा म्हणून दाखवावे : "म्हणजे डॉक्टर, ही गोळी जेवणाआधी, ही नंतर, आणि ताप आला तर लगेच यायचे, बरोबर ना?" यास अर्धे मिनिट लागते. बहुतेक गैरसमज त्या अर्ध्या मिनिटात उघडे पडतात. जी रुग्णालये चांगली आहेत, तेथील परिचारिका स्वतःच रुग्णाकडून असे वदवून घेतात.

स्मृतीचे महत्त्व शस्त्रक्रियागृहाच्या दारातही कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी-यादी तयार केली. तिची पहिलीच पायरी अशी, की भूल देण्यापूर्वी नाव, शस्त्रक्रिया कोणती आणि शरीराच्या कोणत्या भागावर हे स्वतः रुग्णाकडून पक्के करून घ्यावे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यादीत इतरही पुष्कळ गोष्टी होत्या; परंतु तिचा आरंभ रुग्णाला विचारण्यापासून व्हावा, हे लक्षणीय आहे. तेव्हा पाच जणांनी पाच वेळा नाव विचारले, तर "किती वेळा सांगू?" असे म्हणून रागावू नये. ती हेळसांड नव्हे, ती काळजी होय.

अभीरुत्व : भीतीचे औषध

उरला तो भिऊ नये हा गुण. भीती कोणाला चुकली आहे? परंतु भीतीवर माहिती हे औषध आहे, याचा पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एग्बर्ट या भूलतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर एक प्रयोग केला. तो १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी भेटून सांगितले, की शस्त्रक्रियेनंतर कोठे दुखेल, का दुखेल, किती दिवस दुखेल, स्नायू सैल कसे सोडावेत आणि कुशीवर कसे वळावे. उरलेल्यांना हे सांगितले नव्हते. ज्यांना सांगितले, त्यांना वेदनाशामक अफूजन्य औषधे सुमारे निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. विशेष हे, की कोणाला काय सांगितले, याची कल्पना घरी सोडण्याचा निर्णय घेणाऱ्या शल्यविशारदांना नव्हती. खर्च झाला तो केवळ शब्दांचा.

आपल्याकडे मात्र प्रेमापोटी नेमके उलट केले जाते. "त्यांना सांगू नका, ते खचतील," असे म्हणून घरचे लोक निदान रुग्णापासून लपवितात. खोलीबाहेर कुजबुज होते, आत हसरे चेहरे येतात. रुग्ण हे सर्व ओळखतो. आपल्याला कळले आहे हे घरच्यांना कळू नये, म्हणून तोही हसतो. एका खाटेभोवती सारे एकमेकांना सांभाळत राहतात आणि जे बोलावयाचे, जी देणीघेणी पुरी करावयाची, ज्यांची क्षमा मागावयाची किंवा ज्यांना ती द्यावयाची, ते सारे राहून जाते. प्रत्येकाला सर्व काही त्याच क्षणी सांगावे असे नाही. परंतु किती जाणून घ्यावयाचे, हे ठरविण्याचा पहिला अधिकार ज्याचे शरीर आहे त्याचा आहे.

कायद्याचेही तेच म्हणणे आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका रुग्ण महिलेच्या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. त्या केवळ तपासणीसाठी भुलेखाली असताना त्यांच्या मातोश्रींची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया उरकण्यात आली होती. तातडीचे संकट नसताना सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकांची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद खासगी रुग्णालयांतही दर्शनी भागी लावणे आवश्यक झाले आहे. ती भिंतीवर असते, वाचणारे थोडे.

कोंडलेली भीती कित्येकदा रागाचे रूप घेते. खाटेवरील माणूस चिडतो तो पुष्कळदा भ्यालेला असतो. दाराबाहेरील जमाव आरडाओरडा करतो, तेव्हाही मुळाशी अनेकदा न मिळालेली माहितीच असते. परंतु कारण समजले म्हणून कृत्य क्षम्य ठरत नाही. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयातील इतर कर्मचारी यांच्यावरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ज्या समाजाने अहिंसेचा वारसा मानला, त्याने तर येथे कायद्याची वाट पाहू नये. हातच नव्हे, जीभही आवरली पाहिजे. रात्रपाळीच्या सिस्टरांना उद्देशून "आम्ही पैसे मोजले आहेत" असे म्हणणे, हीदेखील एक हिंसाच आहे.

उपस्थाता : खाटेजवळचा माणूस

शेवटी खाटेभोवतीच्या माणसांविषयी थोडे. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा येतात. चोवीस तास जवळ असतात त्या परिचारिका, तसेच वॉर्डबॉय, मामा आणि मावशी. रुग्णातील बदल बहुधा प्रथम त्यांच्याच नजरेस पडतो. तरीही डॉक्टरांसमोर हात जोडणारे पुष्कळ आणि बेडपॅन उचलणाऱ्या मावशींचे नाव विचारणारे विरळ. नाव घेऊन, 'अहो-जाहो' करून बोलल्याने काय साधते, हे ज्यांनी करून पाहिले त्यांना ठाऊक आहे.

२०२० व २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या वॉर्डांत नातेवाइकांना प्रवेश नव्हता. उपचार करणाऱ्यांचे चेहरेही रुग्णांना दिसत नव्हते. संरक्षक पोशाखाआडून केवळ डोळे दिसत. तेव्हा घरच्यांशी फोन जोडून देणाऱ्या, घास भरविणाऱ्या परिचारिकाच कित्येकांच्या शेवटच्या सोबती ठरल्या. उपस्थाता म्हणजे काय, हे त्या काळाने सर्वांना शिकविले. आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची, म्हणजे सेवाशुश्रूषेची गणना होते, हे येथे उपस्थितांना सांगावयास नको. रुग्णालयात भेटीस जाणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की आपली भेट ही सेवा होते की भार. पंधरा जणांनी खाटेभोवती उभे राहून आपापल्या ओळखीच्या डॉक्टरांची नावे सुचविणे, ही सेवा नव्हे. एकाने रात्रभर जागून सकाळी राउंडच्या वेळी "काल रात्रीपासून यांची पोटरी दुखते आहे" एवढे एक वाक्य सांगणे, ही सेवा होय. कदाचित तेच वाक्य एक प्राण वाचवील.

सज्जनहो, कोणत्याही संस्थेला रुग्णालयासाठी निधी उभारता येतो, खाटा देता येतात, यंत्रे घेता येतात. चिकित्सेचे तीन पाय अशा रीतीने बाहेरून भक्कम करता येतात. चौथा पाय मात्र प्रत्येकाने स्वतःच व्हावयाचा असतो. त्याची तयारी आजारी पडल्यानंतर होत नाही. ती निरोगी असतानाच करावी लागते. आज घरी गेल्यावर आईवडिलांच्या औषधांची नावे एका कागदावर लिहून काढावीत. येत्या पर्वात कोणकोण उपवास करणार आहेत आणि त्यांपैकी कोणाची औषधे चालू आहेत, हे एकदा मोकळेपणाने विचारावे, आणि ते त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि घरातील ज्येष्ठ जेव्हा "मी छान आहे" असे म्हणतील, तेव्हा क्षणभर थांबून त्यांना पुन्हा एकदा विचारावे, "खरंच ना?"